नारळ फुटला, तारीख राहिली

माझ्या सासूला पकडायला पोलीस आला तेव्हा घरात मी एकटीच होते, आणि कोलंबी सोलून माझे दोन्ही हात बरबटले होते. दारात खाकी कपडे बघून मला वाटलं, कुठल्या तरी किनाऱ्याला प्रेत लागलं असेल आणि हा ओळख पटवायला माणसं गोळा करत फिरत असेल. एरवी आमच्या कोळीवाड्यात पोलीस कशाला येईल? त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सासूचं पूर्ण नाव वाचलं. त्या नावानं तिला गावात कुणी हाक मारत नव्हतं, त्यामुळे कुणाबद्दल विचारतोय हे कळायला मला जरा वेळच लागला.

"आहेत का घरात?"

"बाजारात गेल्यात. काय काम आहे?"

"वॉरंट आहे. कोर्टाची तारीख चुकवली त्यांनी. पकडून हजर करायचा हुकूम आहे."

माझ्या हातातली कोलंबी टोपलीबाहेर पडली. मला भीती वाटली हे खरं, पण त्याच्या आधी राग आला. कारण ती तारीख चुकणार हे मी आधीच सांगितलं होतं, आणि सांगितल्याबद्दल दंडही भरला होता.

हे सगळं साठ साल उजाडायच्या आधीचं. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. गाव अलिबागच्या उत्तरेला, समुद्राला अगदी चिकटून. माझं माहेर मांडव्याकडचं. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. मी सातवी झालेली, म्हणून सासरी सगळे मला 'मास्तरीण' म्हणून चिडवत आणि कुठलाही कागद आला की वाचायला माझ्याच पुढे टाकत. सासू त्यात सगळ्यांच्या पुढे. ती उंच, काळीसावळी, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस वळून बघायचा. डोक्यावर पाटी घेऊन ती रोज अलिबागच्या बाजारात जायची. तिथे तिची बसायची जागा ठरलेली, गिऱ्हाइकं ठरलेली, आणि वकील असो की मामलेदाराची बायको असो, भाव करताना तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. मला तिचा धाक वाटायचा आणि अभिमानही वाटायचा.

आमच्या भिंतीला भिंत लावून काकीचं घर. काकी म्हणजे नात्यातली कुणी नव्हे, सगळेच तिला काकी म्हणत. ती आणि सासू एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. दोघींचे नवरे एकाच होडीवर जायचे, दोघींची पोरं एकाच अंगणात वाढली. दिवसातून एकदा तरी दोघी कशावरून तरी कचाकचा भांडायच्या आणि संध्याकाळी एकाच उंबऱ्यावर बसून मशेरी लावायच्या. त्यामुळे मार्गशीर्षात त्या दिवशी वाळवणाच्या जागेवर आरडाओरडा ऐकू आला तेव्हा मी उठलेसुद्धा नाही.

त्या दिवशी बोंबील उदंड पडला होता. बोंबील वाळत घालायला आमच्याकडे किनाऱ्यावर बांबू रोवून, आडवे दोर बांधून वलांड्या उभारतात. प्रत्येक घराची वलांडी कुठे हे ठरलेलं असतं. काकीनं आमची वलांडी हातभर बाजूला सरकवली होती, आपले बोंबील मावावेत म्हणून. सासूनं ते बघितलं. शब्दानं शब्द वाढला, काकीनं आमच्या वलांडीचा बांबू उपटून फेकला, आणि सासूनं तोच उचलून तिच्या कपाळात घातला. मी पोचले तेव्हा काकी वाळूत बसली होती, तोंडावर रक्त, आणि सासू हातातला बांबू टाकायलाही विसरून तिच्याकडे बघत उभी होती.

तेवढ्यावर मिटलं असतं. हळद दाबली असती, दोन दिवस दोघींनी तोंडं फिरवली असती. पण काकीचा भाऊ नेमका तेव्हा मुंबईहून सुट्टीवर आला होता. तो गिरणीत होता आणि जगात कायदा नावाची वस्तू फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं त्याला वाटायचं. त्यानं बहिणीला तशीच रक्ताच्या लुगड्यानिशी गाडीत बसवली आणि अलिबागच्या पोलिसांकडे नेली. फिर्याद लिहून झाली. मग भाऊ मुंबईला निघून गेला आणि खटला आमच्याकडे राहिला.

पहिल्या तारखेला सासू सासऱ्यांबरोबर कोर्टात जाऊन आली. गावच्या पाटलानं जामीन दिला. कोर्टानं पुढची तारीख होळीनंतरची दिली. घरी आल्यावर कागद माझ्यापुढे पडला. मी तारीख वाचून दाखवली, सासऱ्यांनी मान हलवली, कागद देव्हाऱ्याच्या फळीवर गेला.

मग होळी आली. आमच्या सासरी शिमगा हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. होड्या रंगवतात, दर्यावरून माणसं घरी येतात, आणि होळीला नारळ देण्याआधी गावातली वर्षभराची भांडणं मिटवावी लागतात. एक जरी भांडण उरलं तरी होळी पेटत नाही. गावदेवीच्या देवळापुढे पाटील बसतो, भांडलेल्या दोघांना समोर बोलावतो, बाकी सगळं गाव भोवती. दोघांनी एकाच नारळाला हात लावायचा, पाटलानं तो देवीपुढे फोडायचा, खोबरं सगळ्यांनी खायचं. आणि त्यानंतर त्या भांडणाचा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. भांडणाऱ्यांनी नाही, घरच्यांनी नाही, पोराटोरांनीही नाही. कुणी काढलाच तर देवीला दंडाचा नारळ. नुसतं 'त्या वेळी' असं म्हटलं तरी बायका ओठांवर हात ठेवत.

आमच्या माहेरी असलं काही नव्हतं. तिथे भांडणं लोक विसरून जात, नाहीतर जन्मभर उगाळत. त्यामुळे मला ही रीत नवीन होती.

त्या वर्षी सासू आणि काकीला पाटलानं पुढे बोलावलं. काकीच्या कपाळावरची खूण अजून लाल होती. दोघींनी नारळाला हात लावला. नारळ फुटला, काकीनं खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि आधी सासूच्या तोंडात घातला. सासू रडली. त्या दिवसाआधी तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. रात्री दोघी होळीभोवती एकमेकींच्या कमरेला हात घालून नाचल्या.

तारीख जवळ आली तेव्हा मी वाट बघत होते, आज कुणीतरी विषय काढेल, उद्या काढेल. कुणी काढेना. शेवटी आदल्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "उद्या ती कोर्टाची..."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ताटात थुंकले. सासूनं वाढायचा डाव खाली ठेवला आणि माझ्या तोंडावर हात दाबला. "मिटलं ना पोरी? देवीम्होरं मिटलं. आता नाय बोलाचं."

"पण कोर्टात..."

"नाय बोलाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नारळ घेऊन देवळात पाठवलं. मी रागारागानं गेले. कोर्टाला तुमच्या देवीचा नारळ कसा कळणार, हे विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर आणखी एक नारळ द्यावा लागला असता. सासू पाटी घेऊन बाजारात गेली, कोर्टावरून शंभर पावलांवर बसली, मासळी विकली आणि घरी आली. पलीकडे तिच्या नावाचा पुकारा होत होता आणि ही बाई पापलेटाचा भाव करत होती. देवीपुढे एकदा मिटलं म्हणजे सगळीकडे मिटलं, याबद्दल तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

आणि आता हा पोलीस दारात उभा होता.

घाटावरचा होता, वयानं मोठा, उन्हानं कावलेला. मी हात धुऊन त्याला पाणी दिलं, चहा केला. मग दंडाची पर्वा न करता त्याला सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"नारळाचं मला कळतंय हो. पण कागदावर नारळ नाही ना लिहिलेला. मी उद्या सकाळी येतो. त्यांना घरी थांबायला सांगा. उगाच बाजारात धरायला लावू नका मला. चारचौघांत बाईमाणसाला घेऊन जायचं म्हणजे मलाही बरं वाटत नाही."

"इथून नेलंत तरी बाजारातूनच जाणार ना?"

"कोर्टाचा रस्ताच तो आहे," तो म्हणाला. जाता जाता त्यानं काकीच्या दारातही विचारलं, माणूस उद्या घरी सापडेल ना म्हणून. काकीनं त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

संध्याकाळी सासू रिकामी पाटी घेऊन आली. मी सांगितलं. ती ओट्यावर बसली. मला वाटलं होतं ती ओरडेल, पोलिसाच्या सात पिढ्या उद्धरेल. ती अगदी हळू म्हणाली, "मना त्या बाजारातून नेतील. पोलिसाच्या मागून."

"कोठडीत नाही ठेवणार हो आई. कोर्टात उभं करतील, मग..."

"कोठरीचं मना काय नाय गो. बाजारातून नेतील. मी तिथं जल्मभर ताठ बसलेय."

सासरे आणि माझा नवरा मासळी घेऊन मुंबईला भाऊच्या धक्क्यावर गेले होते. विचारायला घरात पुरुषमाणूस नव्हतं. आळीतल्या बायका एकेक करून आल्या. कशाबद्दल ते कुणी बोललं नाही, पण प्रत्येकीनं तेच सुचवलं. भावाला भेटून ये मुंबईला. बऱ्याच दिवसांत गेली नाहीस. हवापालट होईल. सासूनं गाठोडं बांधलं.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही निघालो. मी बरोबर, कारण लाँचची पाटी वाचायला माणूस हवा. घराची चावी काकीकडे द्यायला मला पाठवलं. काकीनं चावी घेतली, माझ्यामागे गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या सासूकडे बघितलं आणि ती कमरेला खोचली. आम्ही रस्त्यावर जाऊन रेवसची एस.टी. पकडली.

रेवसला पोचलो आणि मला सासूची खरी काळजी वाटली. धक्क्याखाली नुसता चिखल होता. पार ओहोटी. लाँच दूर पाण्यात उभी, भरती चढेपर्यंत धक्क्याला लागणार नाही. जी बाई चंद्र बघून पाण्याची वेळ सांगायची, ती जन्मात पहिल्यांदा भरती-ओहोटी न बघता घराबाहेर पडली होती. ती धक्क्यावर गाठोड्यावर बसली आणि चिखलाकडे बघत राहिली. इतकी लहान मला ती कधीच दिसली नव्हती. मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

पाणी चढायला लागलं होतं, तेवढ्यात मागच्या एस.टी.नं काकी आली. केस विस्कटलेले, कमरेला आमची चावी. सरळ येऊन सासूपुढे उभी राहिली.

"कुठं चाललीस गो?"

"भावाकरं."

"बरा हाय ना भाव?"

"बरा हाय."

"मंग कशाला चाललीस?"

सासू गप्प. कशाला ते सांगायचं म्हणजे जे बोलायचं नाही ते बोलायचं. मला हसावं की रडावं कळेना. दोघींना सगळं ठाऊक, आणि दोघी शिष्टासारख्या भावाची चौकशी करत बसलेल्या.

काकी खाली बसली. "आईक," ती म्हणाली, "मी काय बोलत नाय. फकस्त एवरंच सांगते. तू पलून गेलीस तं गाव काय म्हनंल? नारल फुटला तरी हिच्या मनात भ्या रायलं. म्हंजे माज्या मनात काय तरी रायलंय, असंच ना? माज्या मनात काय नाय. देवीची आन. नारल खोटा करू नको बाय."

सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मना बाजारातून नेतील गो. पोलिसाच्या मागून."

"पोलिसाच्या मागून कशाला जातीस?" काकी तिचं गाठोडं उचलत म्हणाली. "माज्या संगती चल."

लाँच धक्क्याला लागली तेव्हा आम्ही अलिबागच्या गाडीत बसत होतो.

बाजारातून तिघी चाललो. काकी सासूचा दंड धरून, मी त्यांच्या मागे. हातात पाटी नाही, डोक्यावर चुंबळ नाही, हे बघून मासळीवाल्या बायका हाका मारायला लागल्या. "काय गो, आज दोघी रिकाम्या? सोयरीक जमवाया चालल्याव काय?" काकीनं मान न वळवता ओरडून सांगितलं, "व्हय, तुज्या लेकाला पोरगी बघाया!" सगळा बाजार हसला. सासूही हसली, थोडीशी. तिची पाठ पुन्हा सरळ झालेली मला मागून दिसली.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली एक वकील बसले होते. सासूचं गिऱ्हाईक. त्यांनी थोडक्यात ऐकून घेतलं आणि फुकट सल्ला दिला, "ताप होता म्हणून सांगा. साहेब वॉरंट रद्द करतील, काम संपलं."

"ताप नव्हता," सासू म्हणाली.

"अहो, सांगायला काय जातंय?"

"नव्हता ना पन."

वकिलांनी कपाळाला हात लावला, पण उठले, आत गेले आणि आरोपी आपण होऊन हजर झाल्याचं साहेबांच्या कानावर घातलं. दुपारी पुकारा झाला. सासू पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. मी आणि काकी मागच्या बाकावर. साहेब बारीक अंगाचे, चष्मेवाले, सतत खोकणारे. त्यांनी कागद बघितला.

"तारखेला का आला नाहीत?"

सासू गप्प.

"आजारी होता का?"

"नाय साहेब."

"कागद मिळाला नव्हता?"

"मिललेला."

"मग का आला नाहीत?"

पुन्हा गप्प. साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही काही सांगितलंच नाहीत तर मला तुम्हाला आत पाठवावं लागेल. मला ते आवडणार नाही. काय अडचण झाली ती सांगा."

"बोलता येत नाय साहेब."

"का येत नाही?"

"ते पन बोलता येत नाय."

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं. मी उठणारच होते. माझं काय, मी तर एक नारळ आधीच दिलेला, आणखी चार दिले असते. पण माझ्याआधी काकी उठली. उठताना तिनं दोन्ही हात जोडले. साहेबांना जोडलेत असं मला वाटलं, पण ती वर बघत होती.

"मी बोलते साहेब. जिला मारलं ती मीच."

पट्टेवाला तिला खाली बसवायला धावला. साहेबांनी हातानं त्याला थांबवलं आणि तिला पुढे बोलावलं.

"आमचं मिटलंय साहेब. होलीला देवीम्होरं नारल फुटला. फुटल्यावर ते भांडान तोंडातून काडाचं नसतंय. काडलं तर देवीचा दंड. म्हून ती बोलत नाय. म्हून तारीखपन कुनी काडली नाय. आख्ख्या गावाला म्हायती व्हती, पन काडनार कोन? ती पलून नाय गेली साहेब. त्या दिशी ती इथंच बाजारात बसली व्हती. तुमी खिरकीतून बघितलं असतं तर दिसली असती." ती थांबली. मग घसा साफ करून म्हणाली, "आनि आता काडलंच हाय तं सगलंच काडते. हिची वलांडी आधी मी हालवली. बांबू मी उपटला. फिर्यादीत ते मी सांगितलं नव्हतं."

पिंजऱ्यात सासूनं तोंडाला पदर लावला होता. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे आता तुम्हाला दंड बसणार?"

"बसनार ना."

"आणि तुमची फिर्याद?"

"मिटली म्हून सांगतेय ना साहेब कवापास्नं."

या वेळी साहेबांनाही हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. त्यांनी सरकारी वकिलांशी काहीतरी इंग्रजीत बोलून घेतलं, काकीला पुन्हा दोनदा विचारलं, कुणी दबाव आणला नाही ना, आणि तिचा अंगठा घेतला. वॉरंट रद्द झालं. खटला निकाली निघाला. मग ते सासूला म्हणाले, "बाई, तुमच्या गावाची रीत चांगली आहे. मला तिच्यात पडायचं नाही. पण पुढच्या वेळी नारळ फुटला की आधी इथे येऊन एकदा सांगून जा. मग खुशाल गप्प बसा."

"पुरच्या येलेला नाय मारनार साहेब," सासू म्हणाली.

बाहेर आल्यावर दोघी चिंचेखाली बसल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडतील, रडतील. काकीनं कनवटीची मशेरीची डबी काढली, सासूला दिली, आणि दोघींनी मशेरी लावली. मग सासूनं मला बाजारातून दोन नारळ आणायला पाठवलं. काकी म्हणाली, "दोन कशाला? बोलले मी एकली." सासूनं दोन नारळांचे पैसे माझ्या हातात ठेवले.

गावात पोचलो तर आमच्या ओट्यावर तोच पोलीस. सकाळपासून बसून होता. त्यानं अर्ध्या गावाला विचारलं होतं, आणि प्रत्येकानं त्याला चहा दिला होता, कुणी माशाचं कालवण आणि भात दिला होता, पण बाई कुठे गेली याबद्दल एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. "तुमच्या गावात सगळे मुके आहेत का हो?" त्यानं मला विचारलं. मी कोर्टातून आणलेला कागद त्याला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला, मोठा श्वास सोडला आणि सासूला वाकून नमस्कारच केला. "फार बरं झालं बघा," तो म्हणाला. निघताना सासूनं त्याच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी ठेवली. तो नको नको म्हणत होता. ती म्हणाली, आता तुझं माझं काय काम उरलंय, घरी ने.

संध्याकाळी दिवेलागणीला काकी देवळात गेली. आम्ही मागून गेलो. पाटील तिथे बसलेला होताच, कारण गावात बातमी आमच्या आधी पोचली होती, न बोलता. काकीनं नारळ पुढे ठेवला.

"कशाचा?" पाटलानं रीतीप्रमाणे विचारलं.

"बोलले."

"काय बोललीस?"

"ते परत कशी बोलू?"

पाटलानं हसू दाबत नारळ उचलला. तेवढ्यात सासू पुढे झाली आणि तिनं दुसरा नारळ त्याच्यापुढे ठेवला.

"तू बी बोललीस?"

"नाय," सासू म्हणाली. तिचा तो एवढा मोठा आवाज, पण मला जेमतेम ऐकू आला. "माज्यासाटी तिना बोलाया लागलं."

पाटलानं दोन्ही नारळ एकदमच फोडले. खोबरं आम्ही तिघींनी तिथेच पायरीवर बसून खाल्लं, आणि उरलेलं पोरांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सासू डोक्यावर पाटी घेऊन बाजारात गेली आणि आपल्या जागेवर बसली. त्या दिवसापासून काकीची पाटी तिच्या शेजारी असायची. आधी तिची जागा दुसऱ्या टोकाला होती.

काकीच्या कपाळावरची खूण शेवटपर्यंत गेली नाही. म्हातारपणी त्या दोघी आमच्या ओट्यावर बसायच्या तेव्हा माझी पोरं तिच्या मांडीवर चढून त्या खुणेवरून बोट फिरवत आणि विचारत, आजी, हे काय झालं? काकी दरवेळी म्हणायची, वलांडीला अडकून पडले रे बाबा. सासू शेजारी बसलेली असायची. ती काकीचा पदर ओढून नीट करायची, तो नीट असला तरी.

आता दोघी नाहीत. मी एवढी वर्षं गप्प राहिले, आणि आज हे सगळं लिहून टाकलं. मुलगा म्हणतो, लिहिण्याला दंड नसतो, रीत फक्त बोलण्याची आहे. तो कोर्टात कारकून आहे, त्याला असल्या पळवाटा सुचतात. मी सकाळीच नारळ आणून ठेवलाय. देवळात आता पाटलाचा नातू बसतो. तो विचारेल, कशाचा? मी सांगेन, दोघींचा.